इन्कार वेगळा, बेअदबी वेगळी

सलमान रश्दींचं नाव निघालं की आपल्याकडच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "आमची जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, तुकोबा 'माझ्यालेखी देव मेला' म्हणून मोकळे होतात, आम्ही कधी दंगा केला?" वाक्य टाळ्या घेतं. परिसंवादात ऐकलंय, लेखांत वाचलंय, चहाच्या टेबलावर तर कितीदा, आणि दर वेळी चडफडलोय. जनाबाई भांडते ती देवाशी. रश्दींच्या 'द सटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीचा वाद पेटला तो पैगंबरांवरून. इस्लाममध्ये पैगंबर देव नाहीत, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. तुलना करायला बसलो की नेमकं तेच विसरतो.

इन्कार म्हणजे काय ते सांगायला नको. मुहंमद हे पैगंबर नव्हते, कुराण ईश्वराचं वचन नाही, असं म्हणणं म्हणजे इन्कार. शेजारचा हिंदू, ख्रिस्ती, नास्तिक, प्रत्येक जण हे मानतोच, आणि त्यावरून रोज कोणी पेटून उठत नाही. मक्केतले विरोधक पैगंबरांना कवी म्हणत, जादूगार म्हणत, वेडा म्हणत, हे आरोप खुद्द कुराणातच नोंदलेले आहेत. त्यांना तिथंच उत्तरंही दिलेली आहेत. इन्कार हा जुना, ओळखीचा प्रतिपक्ष आहे.

घोटाळा होतो तो बेअदबीपाशी.

फारसीतून उर्दूत आलेली एक म्हण आहे: बा खुदा दीवाना बाशो, बा मुहंमद होशियार. देवाशी वागताना खुशाल वेडा हो, मुहंमदांपाशी मात्र जपून. सगळा विषय या एका ओळीत आहे. देवाशी सलगी करायची, रुसायचं, त्याला जाब विचारायचा, याला सूफी आणि उर्दू कवितेत मोठी जागा आहे. इक्बालने 'शिकवा'मध्ये थेट अल्लाकडे गाऱ्हाणं मांडलं की आम्ही तुझ्यासाठी तलवारी चालवल्या आणि तू मेहेरनजर केलीस ती परक्यांवर. काही मौलवी बिथरले, इक्बालने पुढे 'जवाब-ए-शिकवा' लिहून देवाचीही बाजू मांडली, आणि तो लोकांच्या डोक्यावरच राहिला. म्हणजे जनाबाईची तुलना लावायचीच असेल तर ती इथे लावा, चपखल बसते. पण याच इक्बालच्या कवितेत पैगंबरांचं नाव आलं की सूर बदलतो. तिथे तक्रार नाही, प्रेम आहे आणि अदब आहे.

ही अदब काव्यापुरती नाही. कुराणाच्या ४९व्या सूरेत, म्हणजे प्रकरणात, श्रद्धावंतांना सांगितलंय की पैगंबरांच्या आवाजापेक्षा तुमचा आवाज चढू देऊ नका. ३३व्या सूरेतली सहावी आयत, म्हणजे वचन, त्याहून पुढे जाते: पैगंबर श्रद्धावंतांना स्वतःच्या जिवाहून जवळचे आहेत आणि त्यांच्या पत्नी या श्रद्धावंतांच्या माता आहेत. माता हा शब्द तिथे शोभेला आलेला नाही. पैगंबरांच्या पश्चात त्यांच्याशी कोणी लग्न करू नये असा हुकूमही त्याच सूरेत आहे. खदीजा, आयशा, हफ्सा यांना 'उम्महातुल मोमिनीन' म्हणतात ते यामुळे. श्रद्धावान मुसलमानाच्या लेखी हे घरातलं नातं आहे.

आता कादंबरी उघडा. जिब्रील फरिश्ता हा मुंबईचा सिनेनट विमान फुटून खाली कोसळतो, वाचतो, आणि त्याला स्वप्नं पडू लागतात. स्वप्नातल्या प्रेषिताचं नाव आहे 'महाउंड'. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात मुहंमदांना हिणवायला वापरलेलं हे नाव. रश्दींचं म्हणणं असं की शिवी उचलून मिरवली की तिची धार जाते, आणि त्यांनी ते कादंबरीतच लिहून ठेवलंय. इंग्रजी साहित्याच्या वर्गात हा युक्तिवाद छान चालतो. ज्याच्या माणसाला ती शिवी शतकानुशतकं दिली गेली, त्याला नुसती शिवी ऐकू येते. पुढे जाहिलिया शहरात 'पडदा', म्हणजे हिजाब नावाचा कुंटणखाना आहे, आणि तिथल्या बारा वेश्या गिऱ्हाईक वाढावं म्हणून प्रेषिताच्या बारा बायकांची नावं धारण करतात. माता म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, ती ही नावं. इथे कुठला सिद्धांत नाकारलेला नाही, म्हणून सिद्धांताने उत्तर देण्याची सोयही नाही.

आणि तरी आपले विद्वान सांगत राहतात की "सैतानी आयतींचा दडपलेला इतिहास रश्दींनी बाहेर काढला, म्हणून मुसलमान चिडले." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लात, उज्जा आणि मनात या मक्केतल्या देवींची स्तुती करणारे शब्द सैतानाने पैगंबरांच्या तोंडी घातले आणि नंतर ते मागे घेतले गेले, ही कथा तबरी आणि इब्न साद या जुन्या मुस्लिम ग्रंथकारांनीच नोंदवली आहे. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, अभ्यासणारे बहुतेक जण ती खोटी मानतात, इब्न तैमियासारख्या कर्मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंडिताने ती खरी मानली. वाद आहे, पण तो मदरशातला वाद आहे. अरबीत त्या कथेचं नावही 'गरानीकचा किस्सा' असं आहे. 'सैतानी आयती' हा शब्दप्रयोग रूढ केला तो विल्यम म्यूर या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अभ्यासकाने.

कादंबरीला दिलेल्या त्याच नावानेही गोंधळ वाढवला. इंग्रजीत 'व्हर्स' कवितेचाही असतो आणि बायबलचाही. अरबी, फारसी, उर्दूत 'आयत' म्हटलं की कुराणाचीच. त्यामुळे शीर्षक भाषांतरित होऊन तेहरानला किंवा भेंडीबाजारात पोचलं, तेव्हा कुराणच सैतानाचं आहे असं ते सांगतंय, असा अर्थ लागला. पुस्तक न उघडताच.

न उघडण्याबद्दल दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे. बंदीची मागणी करणारे खासदार सय्यद शहाबुद्दीन यांनी आपण पुस्तक वाचलेलं नाही हे उघड सांगितलं होतं. त्यांची टर उडवणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांनी वाचलंय, हे मी विचारत नाही. मैत्री टिकवायची असते.

मराठी वाचकाला अदबीचा हा मामला खरं तर कोणी समजावायची गरज नाही. गणपतीवर विनोद करा, नारदाला विनोदी पात्र करा, यमाला ढेरपोट्या करून रंगमंचावर नाचवा, प्रेक्षक हसतो. आता तोच विनोद शिवाजी महाराजांवर करून बघा. जिजाऊंबद्दल तर बोलायलाच नको. एका अमेरिकन अभ्यासकाच्या पुस्तकात महाराजांच्या जन्माविषयीची एक कुचाळकी छापली गेली, आणि ५ जानेवारी २००४ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची नासधूस झाली. महाराज देव नाहीत, हे फोडणाऱ्यांनाही माहीत होतं. देवाला कोणी काय म्हटलं तरी त्याचं काही बिघडत नाही. ज्याच्याशी आपलं नातं आहे त्या माणसाची आणि त्याच्या आईची इज्जत मात्र आपल्या हाती सोपवलेली वाटते. जनाबाईच्या जागी जिजाऊंना ठेवा, तुलना लागलीच कळेल. ही तुलना पैगंबरांचं आणि महाराजांचं स्थान एकसारखं आहे असं सांगायला केलेली नाही. दुखतं कुठे, तेवढंच दाखवायचंय.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. फतवा म्हणजे धार्मिक मत, प्रत्येक फतवा मृत्युदंडाचा नसतो. १४ फेब्रुवारी १९८९चा, इराणचे धर्मनेते खोमेनी यांचा रश्दींविरुद्धचा फतवा तसा होता, म्हणून शब्दाला तो वास चिकटला. डेन्मार्कमधल्या पैगंबरांच्या २००५च्या व्यंगचित्रांत चित्र काढण्याच्या मनाईचा वेगळा प्रश्न होता, तो इथे आणू नका.

आणि हो, दुखणं समजतं म्हणजे बंदी पटते असं नाही. मला कुठलीच पुस्तकबंदी पटत नाही, भांडारकर प्रकरणातलीही पटली नव्हती. २४ फेब्रुवारी १९८९ला मुंबईत, म्हणजे रश्दींच्याच जन्मगावी, या पुस्तकाविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. १९९१मध्ये जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा खून झाला. २०२२मध्ये खुद्द रश्दींवर चाकूहल्ला होऊन त्यांचा एक डोळा गेला. पुस्तकाने दुखावणं आणि त्यासाठी चाकू उचलणं यांत फरक आहे, हे सांगायला वेगळा लेख लागू नये.

भारतात पुस्तकावर बंदी होती असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ऑक्टोबर १९८८मध्ये बंदी आली ती आयातीवर, कस्टम्सच्या कायद्याखाली. नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर सरकारी खात्याला ती अधिसूचना काही सापडेना, तेव्हा न्यायालयाने ती अस्तित्वातच नाही असं धरून चालायचं ठरवलं. त्यानंतर दिल्लीत पुस्तक दुकानात दिसू लागलं. नऊ भागांची जाडजूड कादंबरी आहे. वादापुरतं दुसरा आणि सहावा भाग वाचलात तरी भागेल. माझ्या मते सगळ्यात चांगले भाग वेगळेच आहेत, चौथा आणि आठवा: फुलपाखरं खाणारी आयशा अख्खं गाव घेऊन मक्केला पायी निघते आणि समुद्र वाट देईल म्हणते. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.