निळा रंग नसलेला निळा पक्षी

मे संपत आला, वळवाच्या दोन-चार सरी झाल्या की कोकणातल्या पक्षीनिरीक्षकांची विचारपूस सुरू होते, "तिबोटी आला का?" तिबोटी खंड्या हा रायगडचा जिल्हा पक्षी. लांबी जेमतेम 13-14 सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही लहान. पावसाच्या तोंडावर तो दक्षिणेकडून कर्नाळ्याच्या, चिपळूणच्या गर्द झाडीतल्या ओढ्यांकाठी येतो, मातीच्या दरडीत बोगदा खणतो आणि पिल्लांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे भरवतो. बहुतेकांना त्याची एक बारीक शीळ ऐकू येते आणि समोरून नारिंगी-जांभळी रेघ सटकते. तेवढ्यासाठीही माणसं पहाटे उठून चिखल तुडवत जातात, आणि त्यात वेडेपणा काहीच नाही.

त्याचे फोटो आले की एक शेरा हमखास येतो, "रंग वाढवलेत! इतका निळा पक्षी असतो का?" उलट ज्यांनी सावलीत त्याला पाहिलंय ते म्हणतात, पंख काळपट होते. दोघंही डोळ्यांना दिसलं तेच सांगतात. कारण या पक्ष्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नावालाही नाही.

त्याच्या पोटाचा पिवळा-नारिंगी रंग रंगद्रव्याचाच आहे. पाठीच्या आणि पंखांच्या निळ्याचं काम मात्र निराळं. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असतात. निळ्या पिसाची अशी एक फांदी आडवी कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आत केराटिनची, म्हणजे आपल्या नखांच्या जातीच्या प्रथिनाची, अनारशासारखी जाळी दिसते. भोकांमध्ये हवा. खाली मेलॅनिनच्या, म्हणजे आपले केस काळे करणाऱ्या रंगद्रव्याच्या, काळ्या कणांचा थर.

आकाश निळं का, हे आपण शाळेत शिकतो: सूक्ष्म कणांमुळे निळ्या प्रकाशाचं विकिरण जास्त होतं. पिसांचंही तसंच असणार, असं शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं धरून ठेवलं होतं. 1934 साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपल्या नीलपंखाची पिसं तपासली आणि या स्पष्टीकरणाबद्दल शंका घेतली. त्यांची शंका रास्त होती. नुसतं विकिरण असतं तर निळ्यापेक्षा जांभळा, जांभळ्यापेक्षा अतिनील प्रकाश अधिक परतला असता, वाढ कुठे थांबलीच नसती. पिसातून परतणाऱ्या प्रकाशाला मात्र एका ठरावीक तरंगलांबीवर शिखर असतं. 1998 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका निळ्या पक्ष्याच्या पिसावर दाखवून दिलं की ती जाळी वेडीवाकडी दिसली तरी तिच्यातली अंतरं जवळपास सारखी असतात. मग एका भिंतीवरून परतलेली लाट पुढच्या भिंतीवरून परतलेल्या लाटेला नेमकी जुळते. हे व्यतिकरण.

हिशोब सोपा आहे. निम्मी हवा, निम्मं केराटिन धरलं तर जाळीचा सरासरी अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात प्रकाश हवेच्या मानाने किती पट मंदावतो तो आकडा, साधारण 1.3. जाळीतलं अंतर 175 नॅनोमीटर घ्या. प्रकाश आत जाऊन परत येतो म्हणून दुप्पट: 2 × 1.3 × 175 = 455 नॅनोमीटर. म्हणजे निळा! बाकीचे रंग जाळी ओलांडून खाली जातात आणि मेलॅनिन ते गिळून टाकतं. मेलॅनिन नसतं तर आतून सगळेच रंग परतले असते आणि पीस फिकट, पांढुरकं दिसलं असतं.

फोटोचं कोडंही इथेच सुटतं. फ्लॅशचा झोत थेट पिसावर पडतो, जाळी त्यातला निळा-जांभळा भाग कॅमेऱ्याकडे परत फेकते. दाट झाडीत मुळात परतवायला प्रकाशच कमी, म्हणून मेलॅनिनचा काळेपणा वर येतो. अर्थात फोटोसाठी घरट्याच्या तोंडाशी फ्लॅश मारत बसणं मला अजिबात पटत नाही. घास चोचीत धरून ताटकळलेला पक्षी आत जात नाही आणि पिल्लं उपाशी राहतात.

वाटेत कधी नीलपंखाचं किंवा साध्या खंड्याचं पीस पडलेलं दिसलं तर पाठीमागून उजेड येईल असं धरून बघा. निळा नाहीसा होतो, तपकिरी उरतो. मग पीस तिथेच ठेवून द्या. दसऱ्याला नीलपंख दिसला की भाग्य उजळतं असं मानून काही ठिकाणी त्याला पकडून, पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवत फिरवतात. त्यात कुणाचंच भाग्य उजळत नाही, पक्षी तेवढा मरतो.

ही जाळी पिसात विणतं कोण? पीस वाढत असताना त्या पेशींमध्ये केराटिन आणि पाणी आपोआप एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात, असं सध्या मानलं जातं. केराटिन घट्ट झालं की जाळी आहे तिथे गोठते. पेशी मरतात, पाणी वाळतं, त्याच्या जागी हवा शिरते. गोठण्यापूर्वी जाळी थोडी मोठी झाली तर पीस आकाशी, हिरवट होतं. थोडी लहान राहिली तर जांभळं.