एका खेळाडूच्या दोन फ्रेम: इनलाइन स्पीड स्केटिंगच्या साधनांची आणि सरावाची पार्श्वभूमी

वरिष्ठ गटात ट्रॅक, रोड आणि मॅरेथॉन अशा तिन्ही प्रकारांत उतरणाऱ्या स्केटरला बुटांचा एक जोड पुरतो, पण फ्रेमचे, म्हणजे बुटाखाली चाके धरणाऱ्या सांगाड्याचे, दोन जोड लागतात. ट्रॅक आणि रोडच्या शर्यतींसाठी ११० मिलिमीटरची चार चाके आणि मॅरेथॉनसाठी १२५ मिलिमीटरची तीन. ही विभागणी नियमातून आली: ११० पेक्षा मोठे चाक फक्त मॅरेथॉनला चालते. त्या नियमावरचा वाद समजून घ्यायचा, तर चाके कशी मोठी होत गेली ते आधी पाहावे लागते.

एका रांगेत चाके बसवण्याचे प्रयोग अठराव्या शतकात युरोपात झाले होते. १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्वाडचे, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाके असलेल्या स्केटचे, पेटंट निघाले. क्वाडवर वळणे सोपे होते, त्यामुळे रांगेतली चाके शंभरहून अधिक वर्षे मागे पडली. १९३७ मध्ये इटलीतील मोंझा येथे झालेली पहिली जागतिक स्पर्धाही क्वाडवरच धावली गेली. १९७० च्या दशकात युरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाके आली आणि पकड सुधारली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटात आइस हॉकीच्या उन्हाळी सरावासाठी इनलाइन, म्हणजे एका रांगेतल्या चाकांचे स्केट, पुन्हा बाजारात आले. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला स्पीडच्या शर्यतींत त्यांना वाव मिळाला आणि अवघ्या काही हंगामांत क्वाड जागतिक शर्यतींतून बाहेर गेले.

सुरुवातीची प्रमाण रचना पाच चाकांची होती, प्रत्येक चाक ८० मिलिमीटरच्या आसपास. पाच चाके एकमेकांना अगदी चिकटवली, तर लांबी ४०० मिलिमीटर भरते. १०० मिलिमीटरची चार चाके घेतली तरी तेवढीच. म्हणजे लांबी तीच राहून प्रत्येक पायातले एक चाक आणि दोन बेअरिंग कमी झाली, आणि मोठे चाक खडबडीत डांबरावर कमी अडखळते. त्यामुळे २००० नंतरच्या काही वर्षांत पाच चाकी फ्रेम झपाट्याने मागे पडली. बूट फार उंचावर जाऊ नये म्हणून फ्रेम बुटाला जोडणाऱ्या दोन बोल्टमधले अंतर १६५ वरून १९५ मिलिमीटरवर नेण्यात आले. मग ११० आले. चार चाकांची लांबी ४४० झाली, तरी तंत्र फारसे बदलावे लागले नाही.

तंत्रातला खरा बदल त्याआधी, १९९० च्या दशकातच झाला होता. टेक्सासच्या एका तरुण स्केटरने डबल पुश, म्हणजे दुहेरी ढकल, जगभर पोहोचवला. पाय टेकल्यावर लगेच बाहेर न ढकलता तो आधी बाहेरच्या कडेवर शरीराखाली आत ओढायचा आणि मग नेहमीचा पुश द्यायचा. एका पावलात दोनदा जोर. (हाच खेळाडू पुढे बर्फावर गेला आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये त्याने ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले.) डबल पुशला घोटा मोकळा लागतो, पण टाच आणि तळवा मात्र घट्ट धरलेले हवेत. घोट्याखाली संपणारा, गरम करून पायाच्या आकाराला बसवता येणारा कार्बनचा बूट याच गरजेला नेमका उतरला.

१२५ चे चाक आले ते तीनच्या रचनेत. तीन चाकांची लांबी ३७५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या पाच चाकीपेक्षाही आखूड. १२५ ची चार चाके घेतली, तर ती चिकटवूनच ५०० मिलिमीटर होतात आणि स्केटच्या लांबीची कमाल मर्यादाही ५० सेंटिमीटरच आहे. चाकांमध्ये फट ठेवावीच लागते, त्यामुळे तो मार्ग बंदच होता. सरळ, लांब रस्त्यावर १२५ चा फायदा उघड आहे. एका किलोमीटरमध्ये ११० चे चाक सुमारे २,९०० वेळा फिरते, १२५ चे सुमारे २,५५० वेळा. एकदा वेग आला की तो टिकवायला कमी कष्ट पडतात. ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत हे फार मोलाचे आहे.

मग ट्रॅकवर मनाई का? मर्यादेच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. आखूड फ्रेमवर वेगात स्थिरता कमी मिळते. चाकाची आस साडेसात मिलिमीटरने वर जाते आणि तिच्यासोबत पायही, त्यामुळे घोट्यावरचा ताण वाढतो. शिवाय दाट घोळक्यात एक डगमगला की मागचे चार पडतात. विरोधकांचे उत्तर असे की जड चाकाला उठाव मंद असतो, त्यामुळे ५०० मीटरचा स्प्रिंटर ते स्वतःहूनच घेणार नाही. मग निवड खेळाडूवर का सोडू नये? हा युक्तिवाद वजनदार आहे, पण ट्रॅकवर १०,००० मीटरची पॉइंट्स-एलिमिनेशनही (वाटेत गुण मिळवायचे आणि मागे पडणारे बाद होत जायचे, अशी शर्यत) असते आणि तिथे मोह नक्की झाला असता. अखेर मॅरेथॉनला १२५ आणि बाकीच्यांना ११० असे ठरले. उत्पादकांना दोन बाजारपेठा मिळाल्या आणि खर्चाचा बोजा खेळाडूच्या घरावर आला, ही बाजू मात्र चर्चेत फारच कमी येते.

सरावावरही याचा परिणाम झाला. १२५ वर ग्लाइड, म्हणजे दोन पुशमधली घसरण, लांबतो, पावलांची लय संथ होते आणि पेसलाइनमध्ये (एकामागोमाग धावणाऱ्यांच्या रांगेत) पुढच्याच्या पायाशी पाय जुळवणे जमवावे लागते. २०० मीटरच्या बँक ट्रॅकवर (वळणे आत उतरती असलेल्या ट्रॅकवर) लय झटपट हवी आणि क्रॉसओव्हर, म्हणजे वळणात एका पायावरून दुसरा टाकणे, अखंड. मॅरेथॉनचा हंगाम संपवून थेट ट्रॅकवर उतरणाऱ्याला पहिले काही दिवस वळणात पाय उशिरा पडतो. म्हणून बहुतेक प्रशिक्षक हंगामाचे भाग पाडतात आणि फ्रेम बदलली तरी बदलणार नाही असा पाया स्केटविना घडवतात: खोल बैठकीतली चाल, आडव्या उड्या, स्लाइडबोर्ड (गुळगुळीत फळीवर आडवे घसरणे), दोरीच्या ताणावर वळणाचा सराव, दमासाठी सायकल. ट्रॅकच्या शर्यती डाव्या वळणाच्याच असतात, त्यामुळे उजव्या बाजूचा व्यायाम मुद्दाम घालावा लागतो, आणि नेमका तोच टाळला जातो.

बेअरिंगवरच्या एबेक आकड्याला मात्र सरावाच्या गप्पांत उगाच महत्त्व मिळते. तो आकडा मापातली अचूकता सांगतो, बाजूने येणारा भार आणि वंगण त्यात धरलेलेच नाही. स्वच्छ केलेले एबेक ५ मातीने भरलेल्या एबेक ९ पेक्षा केव्हाही चांगले पळते.

लहान वयोगटांसाठी चाकांची मर्यादा आणखी खाली, १०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिच्यावर वाद जवळपास नाही आणि नसावाही. रेसिंग स्केटला टाचेचा ब्रेक नसतो. मुलाला टी-स्टॉप (मागचा पाय आडवा घासून थांबणे) आणि प्लाउ (दोन्ही पाय फाकवून वेग मोडणे) नीट जमेपर्यंत पाय जमिनीजवळ असलेलाच बरा.