आधी पाय, मग मेंदू: मुलांच्या पुस्तकांतील मानव-उत्क्रांतीची पार्श्वभूमी

मुलांना माणसाची उत्क्रांती सांगताना हमखास दाखवले जाणारे चित्र म्हणजे वाकलेल्या कपीपासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची रांग. रुडॉल्फ झालिंगर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकासाठी काढलेल्या पंधरा आकृत्यांवरून ते रूढ झाले. नकला होता होता आकृत्या पाच-सहावर आल्या आणि कणा जसजसा ताठ झाला तसतशी बुद्धीही वाढली, असा समज तेवढा मागे उरला.

या समजाची मुळे मात्र जुनी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक विद्वान आधी मेंदू मोठा झाला असेच धरून चालले होते. इंग्लंडमधील पिल्टडाउनची १९१२ मध्ये जाहीर झालेली मोठी कवटी आणि कपीचा जबडा या अपेक्षेत इतके चपखल बसले, की माणसाची कवटी आणि कपीचा जबडा जोडून केलेली ती बनवाबनवी उघड व्हायला १९५३ उजाडले. दरम्यान शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे सापडलेल्या, दुधाचे दात असलेल्या बालकाच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. मज्जारज्जू ज्यातून जातो ते छिद्र त्या कवटीच्या मागच्या बाजूला नव्हते, तर तळाशी पुढे सरकलेले होते. म्हणजे डोके उभ्या कण्यावर तोललेले होते. मेंदू मात्र लहान, म्हणून अनेकांनी ती कपीच्या पिल्लाची ठरवली. त्याच वर्षी अमेरिकेतील टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला (तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला). बंदीचा कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

आधी मेंदू की आधी पाय, या वादाचा निकाल पायांनी लावला. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘ल्यूसी’ या मानवपूर्व मादीच्या सांगाड्यात कटीर (कमरेचे हाड) बुटके व रुंद होते आणि मांडीचे हाड गुडघ्याकडे आत कललेले होते, म्हणजे ती दोन पायांवर चालत होती; तिच्या जातीचा मेंदू मात्र चिंपांझीपेक्षा फारसा मोठा नव्हता. पाठोपाठ पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांच्या पथकाला टांझानियातील लाएटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले सापडली. त्यांत टाच खोल रुतलेली आहे आणि अंगठा झाडाची फांदी पकडण्यासाठी बाजूला वळलेला नसून इतर बोटांच्या रांगेत आहे. ओल्या वाळूत चालून मागे वळून पाहणाऱ्या मुलाला स्वतःच्या पावलातही याच दोन खुणा दिसतात.