इच्छा आणि स्वतःत होणारा बदल

इच्छा म्हणजे जे आपल्याकडे नाही किंवा आपण अजून जसे झालेलो नाही त्याची ओढ. दारू सोडणं, चाळिशीत नवं वाद्य शिकायला घेणं, चांगली चाललेली नोकरी सोडून भलतंच काहीतरी सुरू करणं, असे बदल नुसतं पटलं म्हणून होत नाहीत, आतून काहीतरी हवंसं वाटावं लागतं. इच्छा तीव्र असली की झालं असं लोक सर्रास म्हणतात, पण मानसशास्त्रातलं गेल्या पन्नासेक वर्षांतलं काम बघितलं तर ती इच्छा मुळात कोणाची, आपली की दुसऱ्यांनी आपल्या डोक्यात भरवलेली, हे जास्त महत्त्वाचं दिसतं.

यातला गाजलेला प्रयोग १९७३ चा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली ३ ते ५ वर्षांची, स्केचपेन दिसले की आपणहून चित्रं काढत बसणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी स्टार आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं आणि उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात नुसते टेबलावर ठेवून दिले, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ तिकडे फिरकली. अचानक सर्टिफिकेट मिळालेल्यांची आवड मात्र तशीच राहिली, म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, 'मी हे बक्षिसासाठी करतोय' हे एकदा मनात बसलं की आवडीची गोष्टही नुसतं काम होऊन जाते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धांताचा गाभाही हाच. त्यांच्या मते माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता येणं, काहीतरी जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं. लोक काय म्हणतील म्हणून किंवा अपराधी वाटतं म्हणून धरलेलं ध्येय बाहेरून सेम दिसतं पण फार टिकत नाही. शेल्डन आणि एलियट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की स्वतःला मनापासून पटलेल्या ध्येयामागे लोक जास्त काळ मेहनत घेतात, आणि ते गाठल्यावर मिळणारं समाधानही जास्त असतं.

आता खरी गोची. हवं असणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूचा अभ्यास करणारे केंट बेरिज यांच्या प्रयोगात ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन, म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटायला लावणारं रसायन, जवळजवळ संपवलं होतं ते समोरचं अन्नही आपणहून खाईनात, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की जीभ चाटत मस्त चव घ्यायचे. व्यसनात याच्या उलट होतं, मजा कधीच संपलेली असते तरी हवं-हवं थांबत नाही. त्यामुळे 'मनाचं ऐका' हा सल्ला मला अर्धवट वाटतो, कारण मन एका वेळी दोन गोष्टी सांगत असतं. तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ मध्ये यावर चांगली फोड केली: माणसाला इच्छा असतात आणि त्या इच्छांबद्दलही इच्छा असतात, म्हणजे सिगारेट हवी असते आणि ती हवीशी वाटू नये असंही वाटत असतं. बदलाची सुरुवात बहुधा या दुसऱ्या इच्छेतून होते.

नुसती स्वप्नं रंगवणं मात्र उलटंच पडू शकतं. गॅब्रिएल ओटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, त्यात 'आपल्याला जमेल' असं वाटणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झाल्यावरची गोड-गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं कमी. पीटर गोल्विट्झर यांचा उपाय अगदी साधा आहे, इच्छेला वेळ आणि जागा जोडून द्यायची: 'व्यायाम करायचाय' असं नाही, तर 'ऑफिसमधून आलो की आधी बूट घालून बाहेर पडायचं, सोफ्यावर बसायचं नाही'.