रविवारी कबुली, सोमवारी पुन्हा लबाडी?

‘ख्रिस्ती लोकांचं बरं असतं. काहीही करा, फादरसमोर कबुली द्या, की पाटी कोरी!’ हा टोमणा बराच जुना आहे, आणि तो चुकीचा आहे.

देवाची कृपा फुकट मिळते, एवढं त्यात खरं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (2:8-9) तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी मिळत नाही, ते देवाचं दान आहे, असं स्पष्ट म्हटलंय. पण टोमणा मारणारे तिथेच थांबतात. पुढचंच वचन सांगतं, की सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय. ‘कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का?’ हा प्रश्न तर ही पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच रोमकरांना लिहिताना (6:1) काढला, आणि उत्तर ठणकावून नकारार्थी दिलं.

बायबलमधल्या यरीहो गावचा जक्कय आठवा. मुख्य जकातदार, म्हणजे लोकांच्या रागाचा धनी. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, कुठलीही अट न घालता. मग जक्कय स्वतःहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. हा क्रम महत्त्वाचा: आधी कृपा, मग कर्मं.

कॅथलिक कबुलीतही नुसतं बोलून भागत नाही. मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. चोरलेलं शक्य असेल तर परतही करावं लागतं. दुकानात वजन मारणाऱ्याने काटा तसाच ठेवून रांगेत उभं राहायचं, ही सोय चर्चने कधी दिलेली नाही.

कृपा आधी की कर्मं, यावर कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लूथरच्या मार्गाने जाणारे प्रोटेस्टंट) शतकानुशतकं भांडले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला त्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देवाकडून माणसाचा स्वीकार कृपेनेच होतो, आणि तीच कृपा सत्कृत्यांसाठी बळ देते.