एम-४ की एम-२१? मॉर्टरचं तोंड बघा

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन हाफ-ट्रॅक गाडी दिसली, तिच्या हौद्यात ८१ मिलिमीटरची मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, दिसली, की फोटोखाली बेधडक ‘एम-२१’ लिहून मोकळं व्हायचं, ही खोड कधी जाणार कोण जाणे. एम-२१ बनल्या जेमतेम ११०, त्याही १९४४ मध्ये. तशीच मॉर्टर वाहणाऱ्या एम-४ बनल्या ५७२ आणि तिची सुधारलेली बहीण एम-४ए१ आणखी ६००. डोळे मिटून अंदाजच ठोकायचा, तर तो एम-४ च्या बाजूने ठोका की! पण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना १/३५ मापाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं जे किट चिकटवलं ते एम-२१ चं, म्हणून तेच नाव तोंडात बसलंय.

हाफ-ट्रॅक म्हणजे पुढे चाकं, मागे पट्टे, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तिला रणगाडा म्हणू नका, वर धड छप्परही नाही.) एम-४ चा हौदा एम-२ या हाफ-ट्रॅकचा, आखूड; एम-२१ चा एम-३ या हाफ-ट्रॅकचा, लांब. आणि शर्मन रणगाडाही एम-४ च, पण त्याचा इथे काडीचा संबंध नाही. अमेरिकन सैन्यात प्रत्येक प्रकारच्या सामानाची क्रमांकांची रांग वेगळी.

मेख आहे ती मॉर्टरच्या तोंडात. एम-४ वर ते मागे, एम-२१ वर पुढे. इथे लोक म्हणतात, ‘म्हणजे नुसती फिरवून बसवली ना?’ नाही! एम-४ ही मुळात मॉर्टरची वाहतूक करणारी गाडी. १९४० मधली कल्पना अशी, की ठिकाणावर पोचायचं, मॉर्टर मागून खाली उतरवायची, तिचं बूड जमिनीत रोवायचं आणि मग मारा करायचा. गाडीतून मारा फक्त अडीअडचणीला. तसा करायचा, तर शत्रूकडे गाडीची पाठ करावी लागे, आणि नेम डावी-उजवीकडे फारसा सरकत नसल्यामुळे बऱ्याचदा अख्खी गाडीच वळवायची. चढाईच्या वेळी, अरुंद रस्त्यावर, मागेपुढे आपल्याच गाड्यांची रांग असताना हे करून बघा. माघार घेताना मात्र सोय झक्कास: मारा संपला की सरळ पुढे सुटायचं.

एम-४ए१ मध्ये गाडीतूनच मारा करण्याची नीट सोय झाली, पण तोंड मागेच राहिलं. एम-२१ मध्ये ते ड्रायव्हरच्या डोक्यावरून पुढे वळलं. मॉर्टरचा गोळा उंच कमानीतून जातो, त्यामुळे केबिन आड येत नाही. गाडी चालत आली तशीच थांबते आणि मारा सुरू होतो.

नावातही हाच फरक आहे: एम-४ ला सहसा ‘मॉर्टर कॅरियर’ म्हणतात, एम-२१ ला ‘मॉर्टर मोटर कॅरेज’. कॅरियर म्हणजे वाहणारी. कॅरेज म्हणजे तोफेचा गाडा, ज्यावरूनच तोफ डागायची. हे दोन शब्द अदलाबदल करून वापरले की माझं डोकं फिरतं, आणि किटचा डबाही तेच करतो.

एक पंचाईत उरतेच. अमेरिकेच्या सेकंड आर्मर्ड डिव्हिजन या रणगाडा तुकडीच्या सैनिकांनी आपल्या एम-४ वरच्या मॉर्टर स्वतःच फिरवून पुढे तोंड करून बसवल्या होत्या. असा फोटो हाती आला, तर तोंड सोडा, हौद्याची लांबी बघा.