पोंगल, दीपावली आणि तमिळ पडद्यांचं गणित

१९४४च्या दीपावलीला ‘हरिदास’ लागला आणि मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये त्याने तीन दिवाळ्या काढल्या. नायक एम. के. त्यागराज भागवतर, दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी. आईवडिलांना छळणारा मुलगा पुढे त्यांच्याच सेवेत रमतो, ही कथा मराठी माणसाला थेट पुंडलिकाची आठवण करून देते. १७ ऑक्टोबर १९५२ला, पुन्हा दीपावलीलाच, ‘पराशक्ती’मधून शिवाजी गणेशन पडद्यावर आले. एम.जी.आर. यांच्या ‘एंगा वीट्टु पिळ्ळै’ने १९६५चा पोंगल गाठला. सणाला नवा कपडा तसा नवा चित्रपट, हे तिथे तेव्हापासून ठरूनच गेलं.

पण दोन्ही सणांची कमाई सारखी नसते. पोंगल सौर पंचांगाचा, म्हणून दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच. भोगीपासून काणुम पोंगलपर्यंत चार दिवस घरं माणसांनी भरलेली. तमिळ दीपावली मात्र मुख्यतः नरक चतुर्दशीचा एकच दिवस. पहाटे अभ्यंगस्नान, फटाके, फराळ आणि मग थिएटर. शिवाय हे दिवस ईशान्य मोसमी पावसाचे. चेन्नईत मुसळधार कोसळला की संध्याकाळचा आणि रात्रीचा खेळ हातचा जातो. म्हणून दीपावलीला सुट्टी पुढेमागे कशी जोडून येते, याकडे वितरकांचं बारीक लक्ष असतं. २०२४ला सण गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला आला. सरकारने शुक्रवारीही सुट्टी दिली आणि ‘अमरन’ला सलग चार दिवस मिळाले.

५ नोव्हेंबर १९९१ला रजनीकांतचा ‘थलपती’ आणि कमल हासनचा ‘गुणा’ एकाच दिवशी लागले. तेव्हा प्रिंटा मोजक्या असत. शहरात चाललेली प्रिंट मग तालुक्याच्या गावी जाई. सण ही फक्त सुरुवात असे, गल्ला शंभर दिवसांत जमा होई. डिजिटल प्रक्षेपण आलं आणि चित्रपट पहिल्याच दिवशी गावोगाव पोचू लागला. राज्यात पडदे हजार-अकराशेच. दोन बडे चित्रपट आले की ते निम्मे-निम्मे वाटले जातात, तिसऱ्याला उरलंसुरलं. हमी रक्कम, म्हणजे चित्रपट चालो न चालो निर्मात्याला आधीच द्यायची एमजी (मिनिमम गॅरंटी), मोजून हक्क घेतलेल्या वितरकाला पैसे बहुतांशी पहिल्या दहा दिवसांतच वसूल करावे लागतात. चित्रपट बरा असूनही वितरक बुडतो, तो बहुधा या चढ्या हमीपायी.

सणाला तिकीट महाग करावं, तर तीही सोय नाही. २०१७पासून मल्टिप्लेक्सचं कमाल तिकीट १५० रुपये, कर वेगळा. ३०० खुर्च्यांचा पडदा पूर्ण भरला तरी एका खेळाचे ४५ हजारच होतात. वाढवता येतात ते खेळ: पाच खेळांचे सव्वादोन लाख, सातांचे तीन लाख पंधरा हजार. मध्यरात्रीच्या आणि पहाटेच्या खेळांमागे चाहत्यांच्या उत्साहाइतकाच हा हिशेब होता. ११ जानेवारी २०२३ला ‘थुनिवू’ रात्री एकला आणि ‘वारिसु’ पहाटे चारला सुरू झाला. त्याच रात्री चेन्नईत एका थिएटरबाहेर लॉरीवरून पडून एका तरुण चाहत्याचा जीव गेला. पुढे ‘लिओ’च्या वेळी सरकारने सकाळी नऊ ते रात्री दीड, पाचच खेळ मंजूर केले. निर्बंध योग्यच होता. मात्र पहिल्या दिवसाच्या आकड्यांची त्याआधीच्या वर्षांशी तुलना करताना हा फरक धरायलाच हवा.

सण गर्दी आणतो, टिकवत नाही. २५ ऑक्टोबर २०१९ला ‘बिगिल’समोर ‘कैथी’ कमी पडद्यांवर लागला. तोंडी प्रसिद्धीने पुढच्या आठवड्यात त्याचे पडदे वाढले. २०२५च्या पोंगलला अजितकुमारचा ‘विदामुयर्ची’ ऐनवेळी पुढे गेला, पडदे मोकळे झाले आणि बारा वर्षं डब्यात पडून राहिलेला ‘मदगजराजा’ १२ जानेवारीला लागून चक्क चालला. व्यापारातली मंडळी म्हणूनच पहिल्या दिवसाच्या हाउसफुल्ल पाटीपेक्षा सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी दुपारच्या खेळाला किती खुर्च्या भरल्या, ते आधी विचारतात.